मुलीचं इंजिनिअरिंग, सरकारी कॉलेज आणि फी : स्कॉलरशिप, लोन की सासूबाईंच्या पाटल्या?

डबेवाली_सुदामानगर
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढते आहे, सांभाळून घ्या. मुलगी सीबीएसई बारावी, ८३.६ टक्के, जेईई मेनची रँक १ लाख २८ हजार. इथल्या, इंदूरच्या एसजीएसआयटीएस कॉलेजला सिव्हिल मिळेल अशी आशा आहे, नाहीतर डीएव्हीव्हीचं (देवी अहिल्या विद्यापीठाचं) आयईटी कॉलेज. दोन्हीकडे घरून जाता येईल म्हणजे हॉस्टेलचा खर्च नाही. पण फी, लॅपटॉप, पुस्तकं, पेट्रोल असं सगळं मिळून चार वर्षांचं गणित मांडायला बसलं की झोप उडते. यांची प्रायव्हेट नोकरी, वर्षाला ३ लाख ९० हजार. माझे डबे भंवरकुआंच्या कोचिंगवाल्या पोरांना जातात, सगळा खर्च जाऊन वर्षाला १ लाख ४० हजार उरतात असं धरा. धाकटा पुढच्या वर्षी दहावीला, म्हणजे त्याचीही तयारी.

सासूबाई म्हणतात माझ्या पाटल्या मोडा, नाहीतरी तिच्यासाठीच ठेवल्यात. हे म्हणतात लोन घेऊ. दीर म्हणतात मेधावी योजनेत सगळी फी सरकार भरतं, तुम्ही उगाच घाबरता. ऑनलाइन फॉर्म भरून देणारा किओस्कवाला म्हणतो मॅडम तुमचं नाही बसणार. आता यातलं खरं काय ते कोणी नीट सांगेल का? आणि एक विचारायचं होतं, आय प्रमाणपत्रात, म्हणजे उत्पन्नाच्या दाखल्यात, डब्यांचे पैसे दाखवायचे का? नोकरी आणि डबे मिळून ५ लाख ३० हजार होतात.

शेव_परमल
पहिला नंबर! सल्ला काही नाही, डब्याचा महिन्याचा रेट काय आणि आमटीत गूळ घालता का तेवढं सांगा.

माळवी_मावशी
शेव_परमल, बाई बिचारी झोप उडाली म्हणतेय आणि तू जेवायला बसलास. ताई, अभिनंदन मुलीचं. या पोराकडे लक्ष देऊ नका, बाकीचे येतीलच.

हॉस्टेल_नंबर_३
किओस्कवाला बरोबर आहे ताई. मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत एमपी बोर्डाला ७० टक्के लागतात आणि सीबीएसई किंवा आयसीएसईला ८५. शिवाय इंजिनिअरिंगसाठी जेईई मेनची रँक दीड लाखाच्या आत हवी, मध्य प्रदेशचे मूल निवासी हवं, आणि घरच्या उत्पन्नाची अट आहे, २०१७ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा ती ६ लाख होती. तुमचं बाकी सगळं बसतंय, फक्त १.४ टक्क्याने अडलंय. बसलं असतं तर सरकारी किंवा अनुदानित कॉलेजची पूर्ण फी गेली असती, फक्त मेस आणि कॉशन मनी सोडून. प्रायव्हेट कॉलेज असेल तर दीड लाख किंवा खरी फी, जी कमी असेल ती.

रामबागवाला
हेच मी कधीपासून बोंबलतोय!! आमच्या शेजारचा मुलगा एमपी बोर्ड ७१ टक्के, त्याची फी शून्य. आणि ही पोरगी ८३ आणून भरणार. हा कुठला न्याय? सीबीएसईत घालायचं म्हणजे आधी शाळेची फी जास्त, मग कोचिंग, आणि वर स्कॉलरशिपला पण दंड.

गणिताचे_सर
रामबागवाले, जरा दमाने. मी दोन्ही बोर्डांच्या मुलांना शिकवलंय. एमपी बोर्डात ७० आणणारा मुलगा बहुतेक वेळा अशा शाळेतून येतो जिथे फिजिक्सचा शिक्षक अर्धं वर्ष नसतोच, आणि जेईईची दीड लाखाची रँक दोघांनाही सारखीच लागते ना? मग तो फुकट गेला असं कसं म्हणता. ज्याने ७१ टक्क्यांवर तेवढी रँक काढली त्याने काहीतरी केलंच असणार.

माझा आक्षेप वेगळा आहे. टक्क्यांची सरळ रेघ मारली की दर वर्षी पेपर सोपा-अवघड झाला की रेघ चुकीच्या जागी पडते. केंद्राची जी कॉलेजची स्कॉलरशिप आहे, पीएम-यूएसपी मधली, तिच्यात टक्के बघत नाहीत, आपल्याच बोर्डात आपल्याच शाखेत ८० पर्सेंटाईलच्या वर असायला हवं. म्हणजे एमपी बोर्डवाला एमपी बोर्डवाल्यांशी मोजला जातो. हे जास्त बरोबर वाटतं.

बडोदेकर_काका
आमच्याकडे गुजरातेत तसंच आहे. मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना, सगळे एमवायएसवाय म्हणतात, तिला बारावीला ८० पर्सेंटाईल आणि ६ लाखांच्या आत उत्पन्न. माझ्या भाचीला मिळाली. पण ती गुजरातवाल्यांसाठी, तुम्हाला इंदूरला उपयोग नाही, सहज सांगितलं.

डबेवाली_सुदामानगर
सर, ती पीएम-यूएसपी वाली आम्हाला बसेल का?

गणिताचे_सर
ताई, तिला उत्पन्नाची मर्यादा ४.५ लाख आहे. तुमचे ५.३०. आणि रक्कम पदवीला वर्षाला १२ हजारच, एमएला वगैरे २० हजार. दुसरी कुठली स्कॉलरशिप किंवा फी माफी घेत असाल तर ही घेता येत नाही. बीएससी, बीकॉमच्या मुलांना मात्र फार कामाची, कारण त्यांची सरकारी कॉलेजची फीच कमी असते, त्यात १२ हजारात वर्ष निघतं.

छप्पन_भोग
मग ताई डबे दाखवूच नका ना. ३.९० दाखवा, विषय संपला. कॅशचा धंदा कोण बघायला येतंय. अर्धं इंदूर तसंच करतं.

रामबागवाला
+१. पगारवाल्याचं सगळं फॉर्म १६ मध्ये उघडं आणि कपड्याच्या दुकानवाला दोन लाखाचं प्रमाणपत्र घेऊन येतो, त्याच्या मुलाला सगळं मिळतं. आपणच काय ते हरिश्चंद्र?

चार्टर्ड_चकली
छप्पन, असले सल्ले लोकांना लेखी देऊ नकोस बाबा. आय प्रमाणपत्रासाठी तुम्ही स्वघोषणापत्रावर सही करता. खोटं निघालं तर पैसे वसूल होतात आणि पुढचे लाभ बंद होऊ शकतात, आणि ते निघतं कधी, तर तिसऱ्या वर्षी, जेव्हा पोर अर्ध्यात असते. शिवाय ताई डब्यांचे पैसे यूपीआयने घेत असणार, पोरं कॅश कुठे ठेवतात आजकाल. ते सगळं बँकेत दिसतंय आणि लोनसाठी तुम्ही तेच स्टेटमेंट बँकेला देणार. म्हणजे एका कागदावर ३.९० आणि दुसऱ्यावर ५.३०.

आणि मुळात लपवून मिळणार काय ते तरी बघा. ४.५ लाखांच्या खाली दाखवलं तर १२ हजारांची ती स्कॉलरशिप नाहीतर एज्युकेशन लोनवर कोर्स आणि पुढचं एक वर्ष एवढ्या काळाचं व्याज सरकार भरतं, ती योजना. बाकी बहुतेक गोष्टींची मर्यादा ८ लाख आहे, म्हणजे तुम्ही खरं सांगूनही आत बसता. रात्री सविस्तर लिहितो, आत्ता रिटर्नची गर्दी आहे.

छप्पन_भोग
सीए साहेब स्वतः लोकांना टॅक्स वाचवायला शिकवतात आणि इथे प्रवचन 😄

चार्टर्ड_चकली
वाचवणं आणि लपवणं यातला फरक समजावून सांगायची मी फी घेतो. तुला फुकट नाही.

सिव्हिल_तिसरं_वर्ष
काकू मी तिसऱ्या वर्षाला आहे, सिव्हिललाच, सरकारी कॉलेजात. मला मेधावी नाही मिळाली (सीबीएसई ८१) पण दोन गोष्टी सांगते ज्या किओस्कवर कोणी सांगत नाही.

पहिली टीएफडब्ल्यू, म्हणजे ट्यूशन फी वेव्हर. एआयसीटीईची (तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) स्कीम आहे, मंजूर जागांच्या ५ टक्के जागा जादा असतात, उत्पन्न ८ लाखांच्या आत. ही स्कॉलरशिप नाही, सीटच वेगळी असते, काउन्सेलिंगमध्ये चॉइस भरतानाच ती भरायला लागते. नंतर जाऊन मागितली तर मिळत नाही. कटऑफ साध्या सीटपेक्षा वर जातो कारण सगळेच भरतात. फक्त ट्यूशन फी माफ होते, एक्झाम फी वगैरे बाकीचं भरावं लागतं. आणि कॉलेज किंवा ब्रँच नंतर बदलता येत नाही हे नीट समजून घ्या, माझी मैत्रीण त्याच कारणाने अडकली, तिला आयटीला जायचं होतं.

दुसरी प्रगती. ही एआयसीटीईची फक्त मुलींसाठी आहे, वर्षाला ५० हजार, चार वर्षं, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. पहिल्या वर्षाला ॲडमिशन झाल्यावर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायची. फी किती आहे याच्याशी संबंध नाही, ५० म्हणजे ५० तुमच्या खात्यात. मेरिटवर असते त्यामुळे नक्की मिळेलच असं नाही, पण न भरणाऱ्या मुली इतक्या आहेत की विचारू नका. माझ्या वर्गातल्या निम्म्या जणींना नावच माहीत नव्हतं.

माळवी_मावशी
ही पोरगी हुशार आहे. कुठल्या घरची गं?

सिव्हिल_तिसरं_वर्ष
मावशी इथे स्थळं नका बघू 🙏

शेव_परमल
😂😂😂

डबेवाली_सुदामानगर
अगं बाई, देव तुझं भलं करो. टीएफडब्ल्यूचं नाव किओस्कवाल्याच्या तोंडून एकदाही निघालं नाही. चॉइस फिलिंग या आठवड्यात आहे. पण प्रगतीचे पैसे फी भरायच्या आधी मिळतात का?

सिव्हिल_तिसरं_वर्ष
नाही काकू. ॲडमिशन, मग पोर्टल उघडणार, मग कॉलेज व्हेरिफाय करणार, मग वरून व्हेरिफाय, मग मेरिट लिस्ट. पहिली फी घरूनच. सगळ्याच स्कॉलरशिपमध्ये हाच घोळ आहे, पैसे येतात पण आधी तुमच्याकडे असावे लागतात.

जुना_होळकरी
हे वाचून आमचे दिवस आठवले. होळकर कॉलेज (स्थापना १८९१, शिवाजीराव होळकरांच्या काळातली) आमच्या वेळी फी म्हणजे नावालाच. पण जेवायचं काय? खेड्यातून आलेली मुलं वार लावून जेवायची. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. आमच्याकडे गुरुवारी धारहून आलेला एक मुलगा यायचा, आई त्याला पहिली पोळी द्यायची आणि आम्ही भावंडं धुसफुसायचो. तो पुढे मोठा इंजिनिअर झाला. फी माफ झाली म्हणून शिक्षण होत नसतं, पोटाची सोय लागतेच.

छप्पन_भोग
काका, पण वार फक्त ठराविक जातीच्या मुलांचेच लागायचे ना? ते पण लिहा.

जुना_होळकरी
खरं आहे. नाही म्हणत नाही.

बडोदेकर_काका
विषय निघालाच आहे म्हणून. सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि त्याबदल्यात परत येऊन बडोदा संस्थानची दहा वर्षं नोकरी असा करार. आजच्या भाषेत बाँडसकट स्कॉलरशिप. १९१७ मध्ये बाबासाहेब नोकरीला आले तर आमच्या या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढलं. महाराजांचे पैसे पोचले पण गावाने खोली दिली नाही. छप्पनने जे विचारलं त्यावरून सुचलं.

प्रबुद्ध_इंदूर
काका धन्यवाद. आणि रामबागवाल्यांनी अजून लिहिलं नाही पण पुढचा प्रतिसाद मला माहीत आहे, ‘त्यांना तर सगळं फुकट’. तर आधीच सांगतो. एससीची केंद्राची पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिप आहे तिला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. अडीच. आठ नव्हे. केंद्र ६०, राज्य ४० असे पैसे, आणि दोन्ही वाटे वेगवेगळ्या वेळी येऊ शकतात. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी कॉलेजने (नाव नाही घेत) परीक्षेचा फॉर्म अडवून धरला होता, स्कॉलरशिप आली नाही म्हणजे फी बाकी आहे म्हणून. वडिलांनी पतपेढीतून उचलून भरली आणि पैसे नंतर आले, तोपर्यंत त्याचं व्याज कोणी दिलं?

रामबागवाला
मी तसं काही लिहिणार नव्हतो. पण परीक्षा फॉर्म अडवणं चूकच आहे, त्यात वाद नाही.

प्रबुद्ध_इंदूर
ठीक. मग तुमच्याशी भांडण नाही 🙂

ओहायोकर
इथे अमेरिकेतून दोन पैसे. माझी मोठी मुलगी स्टेट युनिव्हर्सिटीत आहे. इथे आपल्याच राज्याच्या सरकारी युनिव्हर्सिटीत शिकलं तर फी बाहेरच्या राज्यातल्या मुलांपेक्षा खूप कमी. मदतीसाठी सगळ्यांनी एकच फॉर्म भरायचा, फाफ्सा म्हणतात, त्यात आईबापाचं टॅक्स रिटर्न सरळ सरकारी खात्यातून उचललं जातं, म्हणजे छप्पन_भोगचा सल्ला इथे चालत नाही. कमी उत्पन्नवाल्यांना पेल ग्रँट, २०२५-२६ ला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर, ते परत करायचे नसतात. मग सरकारी लोन, पहिल्या वर्षाला ५,५०० डॉलरपर्यंत, त्यातले ३,५०० पर्यंत असे की शिकेपर्यंत व्याज सरकारचं. पण बाकीचं अंतर आईबापच भरतात, हे कोणी भारतात सांगत नाही. आणि भारतातून स्टुडंट व्हिसावर येणाऱ्यांना यातलं सरकारी काहीही मिळत नाही.

शेव_परमल
काका, ताईंना सुदामानगरहून एसजीएसआयटीएसला जायचंय, तुम्ही ओहायोला कुठे नेलं?

ओहायोकर
पाऊस पडतोय, बाहेर जाता येत नाही, म्हणून लिहीत बसलो. पण मुद्दा आहे शेवभाऊ. एक फॉर्म, एक तारीख, आणि कॉलेज निवडायच्या आधीच कळतं की कुठून किती मिळणार. तिकडे आधी ॲडमिशन घ्या, मग बघू.

गणिताचे_सर
हा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर. आमच्याकडे मुलं आधी फी बघून कॉलेज सोडतात आणि मग कळतं की स्कॉलरशिप बसली असती.

चार्टर्ड_चकली
आलो. ताई, लोनचं सांगतो, जरा मोठं आहे.

४ लाखांपर्यंतच्या एज्युकेशन लोनला तारण लागत नाही आणि मार्जिनही नाही, म्हणजे बँक पूर्ण रक्कम देते. साडेसात लाखांपर्यंतही सरकारच्या क्रेडिट गॅरंटीमुळे तारण न घेता होतं, पण तुम्हाला तेवढं कशाला लागेल. कोर्स अधिक एक वर्ष हप्ता नाही. नाही म्हणजे मुद्दल नाही, व्याज चालूच असतं, आणि इथेच लोक फसतात.

समजा दर वर्षी १ लाख असं ४ लाख उचललं, व्याज ९ टक्के धरा. हप्ता सुरू होईपर्यंत पाच वर्षं होतात. पहिला लाख पाच वर्षं बसला, दुसरा चार, तिसरा तीन, चौथा दोन. नुसतं साधं व्याज १ लाख २६ हजार. ते मुद्दलात मिळालं की ५ लाख २६ हजारांवर सात वर्षांचा हप्ता साडेआठ हजारांच्या आसपास. आणि व्याज त्या त्या वेळी भरत गेलात तर ४ लाखांवरच हप्ता, साधारण ६,४००. पहिल्या वर्षी महिना ७५० रुपये व्याज भरायचंय, दुसऱ्या वर्षी १,५००, चौथ्या वर्षी ३,०००. पहिली दोन वर्षं डब्यांतून हे निघतं की नाही?

पीएम विद्यालक्ष्मी म्हणून योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, तिच्यात ८ लाखांच्या आतल्या घरांना १० लाखांपर्यंतच्या लोनवर ३ टक्के व्याज सवलत आहे. पण ती यादीतल्या संस्थांनाच, एनआयआरएफ म्हणजे केंद्राच्या कॉलेज रँकिंगमधल्या वरच्या १००, राज्य सरकारच्या १०१ ते २०० मधल्या आणि केंद्र सरकारच्या. ॲडमिशन झाली की विद्यालक्ष्मी पोर्टलवर कॉलेजचं नाव शोधा. लक्षात ठेवा, दुसरी सरकारी स्कॉलरशिप घेतली की ही ३ टक्क्यांची सवलत नाही. मग काय निवडायचं? ३ टक्के म्हणजे तुमच्या आकड्यात पाच वर्षांत ४२ हजार. प्रगतीचे चार वर्षांत २ लाख. उत्तर समोर आहे. आधी प्रगती.

इन्कम टॅक्सच्या ८०ई मध्ये व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते पण जुन्या टॅक्स रेजीममध्येच, ते यांच्या पगारात फार कामाचं नाही.

आणि पाटल्या मोडू नका. सोनं मोडलं की घडणावळ गेली, परत करायची तर पुन्हा घडणावळ आणि जीएसटी. अगदीच पहिल्या फीला कमी पडलं तर गहाण ठेवून थोडं उचला आणि बँकेकडून लोनचे पहिले पैसे आले की सोडवा.

माळवी_मावशी
सासूबाईंच्या पाटल्या गहाण ठेवायच्या म्हणजे त्यांना बँकेत घेऊन जायचं का? आमच्याकडे तर सासूबाई लॉकरची किल्ली कमरेला लावून झोपायच्या.

जुना_होळकरी
चकली साहेबांचा हिशोब उत्तम. पण कर्ज मुलीच्या नावावर होतं ना? लग्नाच्या वेळी कर्ज असलेली मुलगी म्हणून...

सिव्हिल_तिसरं_वर्ष
आजोबा, माझ्या नावावरही लोन आहे आणि मी नोकरी लागल्यावर फेडणार. ज्याला चालत नाही त्याने दुसरीकडे बघावं.

माळवी_मावशी
शाब्बास!

जुना_होळकरी
बरं बाई. आम्ही जुने.

लॉगिन_फेल
पैशाचं सगळ्यांनी सांगितलं, कागदांचं मी सांगतो कारण यातच जीव जातो. आपल्या मराठी लोकांचा खास प्रॉब्लेम म्हणजे मधलं नाव. मार्कशीटवर मुलीचं नाव आणि आडनाव, आधारवर मध्ये बापाचं नाव, समग्रमध्ये (मध्य प्रदेश सरकारच्या परिवार नोंदीत) अजून तिसरंच. पोर्टल म्हणतं मॅच होत नाही. शेजारच्या शर्मा-वर्मांना हा त्रास नाही. ॲडमिशनच्या धावपळीआधी आधार, समग्र, बँक, मार्कशीट चारही समोर ठेवून नाव अक्षर अन् अक्षर बघा. समग्रचं ई-केवायसी झालंय का बघा. परिवाराचा आयडी ८ अंकी आणि सदस्याचा ९ अंकी असतो, फॉर्ममध्ये लोक नेहमी चुकीचा टाकतात.

दुसरं, आता पैसे खाते नंबरवर येत नाहीत, आधारशी जे खातं जोडलंय तिथे जातात, आणि दोन-तीन खाती असतील तर सगळ्यात शेवटी जे जोडलं तिथे. माझ्या पुतणीची स्कॉलरशिप गायब म्हणून घरात आरडाओरडा, शेवटी निघाली कुठे तर नवीन सिम घेताना दुकानदाराने मोबाईलवर उघडून दिलेल्या खात्यात. तिला माहीतच नव्हतं की तिचं तिथे खातं आहे. बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग’ याच खात्याला करा असा फॉर्म द्या.

तिसरं, किओस्कवर रजिस्ट्रेशन करताना मोबाईल नंबर तुमचा टाका. पुष्कळ जण दुकानाचा नंबर टाकून देतात, मग पुढच्या वर्षी रिन्यूअलला ओटीपी दुकानात जातो आणि दुकान बंद झालेलं असतं.

छप्पन_भोग
हा शेवटचा मुद्दा सोन्याचा आहे भिया. आमच्या पोराचं अगदी असंच झालं.

रामबागवाला
गॅझेट न करता मार्कशीटवर मधलं नाव टाकता येतं का?

लॉगिन_फेल
मार्कशीटच्या मागे लागू नका, वर्ष जाईल. आधार मार्कशीटप्रमाणे करून घ्या, तेच सोपं. मार्कशीटच पुरावा म्हणून चालते.

डबेवाली_सुदामानगर
सगळ्यांना एकत्रच लिहिते, मध्ये डब्यांची गडबड होती, गणपती आले ना, मोदकांच्या ऑर्डरी. तर झालं ते असं. चॉइस फिलिंगमध्ये टीएफडब्ल्यूचे सगळे ऑप्शन वर टाकले, ते मिळाले नाहीत, कटऑफ वर गेला. साध्या सीटवर सिव्हिल मिळालं, एसजीएसआयटीएसच. पोरगी खूश आहे.

आय प्रमाणपत्र ५ लाख ३० हजारांचं केलं, डब्यांसकट. हे थोडे कुरकुरले. मी म्हटलं माझी कमाई पहिल्यांदा सरकारी कागदावर येते आहे तर येऊ दे की. प्रगती भरली आहे, कॉलेजचं व्हेरिफिकेशन झालं, पुढचं बघायचं. बँकेतला माणूस आधी म्हणाला स्कॉलरशिप आहे तर लोन कशाला आणि मग म्हणाला सेव्हिंगमध्ये एफडी करा. मी चकली भाऊंचं ४ लाखांचं तारण-मार्जिनवालं फोनमध्ये दाखवलं. मग मॅनेजरकडे पाठवलं. ३ लाखांचं मंजूर झालं, चार वर्षांत लागेल तसं उचलायचं, प्रगती आली तर कमी उचलू. पहिली फी मात्र घरातूनच भरली, भिशीचा नंबर या महिन्यात मुद्दाम लावून घेतला. पाटल्या सासूबाईंच्या हातातच आहेत.

मधलं नाव लॉगिन_फेल भाऊंनी सांगितल्यावर बघितलं, समग्रमध्ये माझंच नाव माहेरचं निघालं. ते दुरुस्त करायला टाकलंय.

चार्टर्ड_चकली
बँकेला सांगून व्याज दर महिन्याला खात्यातून कापायची सूचना देऊन ठेवा. नाहीतर सणाला विसरायला होतं.

सिव्हिल_तिसरं_वर्ष
काकू मस्त! सर्व्हेइंगचं पुस्तक आणि ड्राफ्टर माझं आहे, नवीन घेऊ नका, मी देते. आणि प्रगतीचं रिन्यूअल दर वर्षी करायचं असतं, आपोआप होत नाही. पुढच्या वर्गात गेल्याचं कॉलेजकडून सही-शिक्का घेऊन ठेवायला सांगा तिला, ऐनवेळी ऑफिसात रांग लागते.

प्रबुद्ध_इंदूर
ताई, धाकट्याचं काय? त्याला एमपी बोर्डात टाकणार की सीबीएसईच?

डबेवाली_सुदामानगर
तो विषय घरात काढला की भांडण होतं. यांचं म्हणणं एमपी बोर्ड, ७० आणले की मेधावी. पोरगा म्हणतो मित्र सगळे सीबीएसईत.

गणिताचे_सर
स्कॉलरशिपसाठी बोर्ड बदलू नका. दहावीच्या मार्कांवर ठरवा. आणि लागलं तर मला विचारा.

रामबागवाला
मी अजूनही म्हणतो ७० आणि ८५ हा अन्याय आहे.

शेव_परमल
मोदकांच्या ऑर्डरी चालू आहेत का अजून? अनंत चतुर्दशीपर्यंत? मी राजेंद्र नगरहून स्वतः येऊन घेऊन जाईन.

डबेवाली_सुदामानगर
चालू आहेत. उकडीचे एक दिवस आधी सांगायचे, तळणीचे कधीही. आणि हो, आमटीत गूळ घालते.